प्रोग्रेस बारवरचे ८७ टक्के नेमके कशाचे?

ऑनलाइन कोर्सचा डॅशबोर्ड उघडला की नजर आधी हिरव्या पट्टीवर जाते. ८७ टक्के पूर्ण. बरे वाटते, घरच्यांनाही दाखवता येते. पण हे ८७ टक्के कशातले आहेत हे समजल्याशिवाय नोकरीच्या दृष्टीने त्या आकड्याला काही अर्थ नाही. ते समजून घ्यायला पाच मिनिटे पुरतात.

समजा, कोर्सात ६० घटक आहेत: ४० व्हिडिओ, १२ वाचायची पाने, ६ क्विझ आणि २ प्रोजेक्ट. बरेच प्लॅटफॉर्म घटक मोजतात, त्यांचे वजन करत नाहीत. तीन मिनिटांचा प्रास्ताविक व्हिडिओ आणि तीन दिवस खाणारा प्रोजेक्ट, दोघांना एकेक टिक. सगळे व्हिडिओ चालवले आणि सगळी पाने उघडली की ६० पैकी ५२ झाले, म्हणजे ८७ टक्के. या ८७ टक्क्यांत एकही प्रश्न सोडवलेला नाही आणि एकही प्रोजेक्ट दिलेला नाही.

'व्हिडिओ पाहिला' याचा अर्थही यंत्राच्या लेखी वेगळा असतो. जगभरातल्या अनेक संस्था आपले कोर्स ओपन एडेक्स या प्रणालीवर चालवतात. तिच्या मूळ सेटिंगप्रमाणे व्हिडिओचा ९५ टक्के भाग चालला की तो पूर्ण, आणि वाचायचे पान पाच सेकंद डोळ्यांसमोर राहिले की तेही पूर्ण. कॉलेजांत वापरले जाणारे मूडल आणखी मोकळे आहे. घटक पूर्ण कधी मानायचा हे तिथे शिक्षक ठरवतात: नुसता उघडल्यावर, गुण मिळाल्यावर, की विद्यार्थ्याने स्वतः टिक केल्यावर. त्यामुळे दोन विषयांतल्या सारख्या दिसणाऱ्या दोन टिका मुळात सारख्या नसतात. शिक्षकांना एकदा विचारून घ्यावे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

म्हणून डॅशबोर्डवर 'प्रोग्रेस' आणि 'ग्रेड' हे दोन आकडे वेगवेगळे शोधा. वरच्याच कोर्सात क्विझना ४० आणि प्रोजेक्टना ६० गुण असतील तर प्रोग्रेस ८७ आणि ग्रेड शून्य, असे एकाच दिवशी दिसू शकते. दोन्ही आकडे खरे आहेत. एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सांच्या मंचाने तर हा घोळच ठेवलेला नाही. तिथे अंतिम १०० गुणांत असाइनमेंटचे २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५. सर्टिफिकेट हवे तर असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० मिळालेच पाहिजेत. एकाची कमतरता दुसऱ्याने भरून निघत नाही. व्हिडिओ किती पाहिले याला गुण नाहीत.

आधी जाहिरात, मग कोर्स

डॅशबोर्डवर 'तुम्ही मिळवलेली कौशल्ये' अशी एक यादी असते. ही लेबले कोर्स तयार करणाऱ्याने लावलेली असतात. नोकरी देणाऱ्याची यादी त्याच्या टेबलावर असते आणि ती जाहिरातीत उतरते. म्हणून कौशल्यांची यादी करायची तर उलट टोकाकडून सुरुवात करावी लागते.

उदाहरण म्हणून बी. कॉम. झालेल्या एखाद्या मुलीची नजर गोव्यातल्या हॉटेलच्या अकाउंट्स विभागातल्या नोकरीवर आहे असे धरू. तिने याच कामाच्या १५ ते २० जाहिराती गोळा कराव्यात: नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवरून, हॉटेलांच्या संकेतस्थळांवरच्या नोकरीच्या पानांवरून, दैनिकांतल्या छोट्या जाहिरातींतून. शक्यतो गोव्यातल्याच. कारण मुंबईतल्या एखाद्या कंपनीची अकाउंटंटची जाहिरात आणि कळंगुट-बाणावलीच्या पट्ट्यातल्या हॉटेलची जाहिरात, दोन्हींत टॅली आणि जीएसटी असेल, पण हॉटेलच्या जाहिरातीत नाइट ऑडिट (दिवसभराचा हिशेब रात्री तपासून बंद करणे), कॉस्ट कंट्रोल (खर्चावर लक्ष ठेवणे), ओपेरा किंवा आयडीएससारखे हॉटेल चालवायचे सॉफ्टवेअर असे शब्द येतील. हे शब्द सर्वसाधारण कोर्सांच्या डॅशबोर्डवर सापडत नाहीत.

मग प्रत्येक जाहिरातीतली मागणी एकेका ओळीत लिहून काढा आणि किती जाहिरातींत ती आली ते मोजा. वीसपैकी दहा किंवा जास्त ठिकाणी आलेली मागणी म्हणजे ती नसेल तर बोलावणेच येणार नाही. चार ते नऊ ठिकाणी आलेली असेल तर दोन उमेदवार सारखे असताना एकाला पुढे नेणारी. तीन किंवा कमी ठिकाणी आलेली तूर्त सोडून द्या. हा शास्त्रीय नियम नव्हे, पण वीस जाहिराती समोर ठेवून बसल्यावर चित्र बहुधा असेच पडते: पाच-सहा ओळी सगळीकडे, बाकीच्या विखुरलेल्या.

सरकारी जाहिरात वाचण्याची पद्धत वेगळी. गोवा सरकारच्या पदांच्या जाहिरातीत पात्रतेचे दोन भाग छापलेले असतात, आवश्यक आणि इष्ट. कोकणीचे ज्ञान आवश्यक भागात येते, मराठीचे इष्ट भागात. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राची नोंदणी या गोष्टी वेगळ्याच. या कुठल्याही कोर्सने मिळत नाहीत. त्यांची कौशल्यांशी सरमिसळ करू नका. कागदपत्रांची वेगळी यादी ठेवा आणि प्रत्येकापुढे तो कुठून, किती दिवसांत मिळतो ते लिहा. कौशल्य पूर्ण आणि दाखला अपूर्ण म्हणून अर्ज राहून जाणे फार वाईट, कारण ते टाळता आले असते.

एक ओळ फोडली की काय निघते

'जीएसटीचे ज्ञान आवश्यक' ही ओळ वीसच्या वीस जाहिरातींत असेल. डॅशबोर्डवरही 'जीएसटी' नावाचा बॅज मिळेल. पण या एका शब्दात किमान पाच कामे दडलेली आहेत आणि माणूस कामावर घेताना त्या कामांविषयी विचारले जाते.

पहिले काम, बिलावर कर बरोबर लावणे. हॉटेलच्या खोलीच्या बाबतीत पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे ते हॉटेल जिथे उभे आहे ती जागा. त्यामुळे पाहुणा मुंबईच्या कंपनीचा असला, त्याच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात महाराष्ट्राच्या २७ ने होत असली, तरी पणजीतल्या हॉटेलने आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) न लावता केंद्राचा सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटीच लावायचा. त्या कंपनीला एरवी महाराष्ट्रातल्या नोंदणीवर याचे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, म्हणून तिकडून आयजीएसटी लावून द्या असा आग्रह होतो. नवा माणूस इथे हमखास घसरतो. दुसरे काम, महिन्याच्या विक्रीचे जीएसटीआर-१ हे विवरण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरणे. तिसरे, पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून १४ तारखेला आपोआप तयार होणारे खरेदीचे पत्रक, म्हणजे जीएसटीआर-२बी, उतरवून खरेदीच्या नोंदींशी ताडून पाहणे. चौथे, २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे एकूण कर भरण्याचे विवरण. पाचवे, वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्या आणि तिमाही पद्धत निवडलेल्या छोट्या हॉटेलांसाठी वेगळ्या तारखा: जीएसटीआर-१ ला १३, आणि गोव्यात ३बी ला २२.

प्रत्येक ओळ अशी फोडायची. कसोटी सोपी आहे: फोडलेल्या तुकड्याच्या शेवटी क्रियापद येते का? 'एक्सेल' हे कौशल्य मोजता येत नाही. 'दोन याद्या जुळवून फरक काढणे' हे येते.

हे फोडण्याचे काम काही जॉब रोलसाठी आधीच झालेले आहे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट २०१३ साली आली आणि तिच्याखाली वेगवेगळ्या क्षेत्रांच्या कौशल्य परिषदांनी क्वालिफिकेशन पॅक तयार केले, पर्यटन आणि आतिथ्य क्षेत्राचेही. पॅक हा मोफत मिळणारा दस्तऐवज आहे. त्यात कामाचे मोठे भाग, प्रत्येक भागाखाली क्रमांक घातलेले कृतीचे निकष, लागणारे ज्ञान, शेवटी थिअरी आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांची विभागणी, आणि व्यवसाय वर्गीकरणाचा सांकेतांक, एवढे सगळे असते. लोक पहिली दोन पाने वाचून सोडून देतात. खरा माल शेवटच्या गुणांच्या तक्त्यात आहे, कारण कुठल्या कृतीला परीक्षक किती वजन देणार ते तिथे उघड लिहिलेले असते. पॅकवर पुढच्या पुनरावलोकनाची तारीखही असते. ती उलटून गेली असेल तर नवी आवृत्ती आली आहे का ते पाहून मगच यादी उतरवा.

शिक्षणाच्या क्रेडिटचा हिशेबही इथेच सांगून टाकू, कराच्या क्रेडिटशी त्याचा संबंध नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत ३० तासांचे शिक्षण म्हणजे एक क्रेडिट, आणि वर्षाला १,२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. स्वयम या केंद्र सरकारच्या कोर्स मंचावरचा १२ आठवड्यांचा कोर्स साधारण ३ क्रेडिटचा. जाहिरातीतल्या ओळींशी क्रेडिटचा थेट संबंध नाही. ते पुढच्या शिक्षणासाठी साठवायचे, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी ऑनलाइन खात्यात.

स्वतःची वही

प्लॅटफॉर्मचा डॅशबोर्ड एका कोर्सापुरता असतो. तुमचे शिकणे तीन प्लॅटफॉर्मवर, एका क्लासमध्ये आणि मामाच्या दुकानातल्या टॅलीवर विखुरलेले असते. ते एकत्र दिसायला स्वतःची एक शीट हवी, तीच आपली वही. सहा रकाने पुरतात: काम, किती जाहिरातींत आले, आजची पातळी, पुरावा, पुराव्याची तारीख, पुन्हा तपासायची तारीख. वीसपेक्षा जास्त ओळी करू नका. चाळीस ओळींची शीट दुसऱ्या आठवड्यात उघडणे बंद होते.

पातळीसाठी शून्य ते चार पुरे. शून्य म्हणजे येत नाही. एक, ऐकून माहीत आहे, कोणी केले तर समजते. दोन, समोर पायऱ्या लिहिलेल्या असतील तर करता येते. तीन, कोऱ्या शीटवर, मदतीशिवाय, ठरलेल्या वेळात करता येते. चार, दुसऱ्याने केलेल्यातली चूक शोधून दुरुस्त करता येते. कोर्स संपवून माणूस सहसा दोनवर उभा असतो. नोकरी तीनला मिळते. हा एक पायरीचा फरक डॅशबोर्डवर कुठेच दिसत नाही, आणि तोच बघण्यासाठी वही.

हे २बी जुळवण्याच्या ओळीवर जवळून पाहू. सरावासाठी समजा खरेदीच्या नोंदीत १२० बिले आहेत: लाँड्री, गॅस, एसी दुरुस्ती, किराणा. २बी मध्ये ११५. कोर्सातल्या व्हिडिओत व्हीलुकअप हे दोन याद्या जुळवायचे एक्सेलचे सूत्र लावतात आणि सगळे झटकन जुळते, कारण तो डेटा धुऊन पुसून ठेवलेला असतो. प्रत्यक्षात पहिल्या फेरीत निम्मीसुद्धा बिले जुळत नाहीत. पुरवठादाराने बिल क्रमांक ०४५ लिहिला, तुमच्याकडे ४५ चढला. त्याच्याकडे तिरकी रेघ, तुमच्याकडे आडवी. तुमच्या शीटमध्ये क्रमांक आकडा म्हणून बसला आणि उतरवलेल्या फाइलमध्ये मजकूर म्हणून, मग दिसायला सारखे असूनही एक्सेल त्यांना वेगळे समजते. '३-१२' असा क्रमांक टाकला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते आणि मूळ क्रमांक हातचा जातो, म्हणून चिकटवण्याआधीच रकाना मजकुराचा करून ठेवायचा. मोकळ्या जागा काढायला ट्रिम हे सूत्र वापरले तरी वेब पानावरून उतरलेली एक खास मोकळी जागा, जिचा सांकेतांक १६० आहे, ट्रिमला दिसत नाही. ती सब्स्टिट्यूट या सूत्राने वेगळी काढावी लागते.

एवढे साफ केल्यावर पुरवठादाराचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक जोडून एक किल्ली करायची आणि दोन्ही याद्या तिच्यावर जुळवायच्या. शेवटी चार ढीग पडतात. समजा १०४ पूर्ण जुळली. ७ दोन्हीकडे आहेत पण रकमेत फरक आहे. ९ तुमच्या खरेदीच्या नोंदीत आहेत पण २बी मध्ये नाहीत, म्हणजे पुरवठादाराने विवरण भरलेले नाही किंवा भलत्याच क्रमांकावर टाकले. आणि ४ फक्त २बी मध्ये आहेत, म्हणजे बिल किचन किंवा स्टोअरमध्येच कुठेतरी अडकून पडले आणि अकाउंट्सपर्यंत आलेच नाही. १०४, ७ आणि ९ मिळून १२०, आणि १०४, ७ आणि ४ मिळून ११५. ही बेरीज जुळली तरच काम पुरे झाले. सातांपैकी एक रुपयाच्या आतले फरक रक्कम पूर्ण रुपयांत केल्यामुळे आलेले असतात, ते वेगळे काढा, उरलेल्यांची बिले प्रत्यक्ष बघा.

हे सगळे व्हिडिओ थांबवत थांबवत केले तर दोन. नवी फाइल घेऊन तासाभरात केले तर तीन. पुराव्याच्या रकान्यात 'कोर्स पूर्ण' असे लिहायचे नाही. ती फाइल कुठे ठेवली आहे ते लिहायचे. खऱ्या पुरवठादारांची नावे, क्रमांक त्यात ठेवू नका, बदलून टाका. दुसऱ्याच्या धंद्याची माहिती मुलाखतीत उघडी करणारा उमेदवार कोणालाच नको असतो.

टॅलीच्या सरावात एक अडचण येते. टॅली प्राइमच्या शैक्षणिक प्रकारात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी करता येतात. नोंदी करायला शिकणे होते, पण बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ, किंवा ३० दिवस झाले, ६० दिवस झाले अशी येणे रकमांची वयवारी, याचा सराव तिथे होत नाही. तो हवा तर परवाना असलेली प्रत जिथे आहे तिथेच बसावे लागेल. कॉलेजची लॅब, ओळखीच्या कर सल्लागाराचे ऑफिस, किंवा सरळ अप्रेंटिसशिप. या एका कारणासाठीसुद्धा अप्रेंटिसशिप घ्यावी असे आमचे मत आहे.

आकडा चुकतो कुठे

१०० टक्के झालेला कोर्स एक दिवस ९२ वर आलेला दिसतो. काही बिघडलेले नसते. कोर्सात नवे घटक घातले गेले, छेद वाढला. ६० पैकी ६० होते, आता ६५ पैकी ६० झाले. ग्रेड आणि सर्टिफिकेट बहुधा तसेच राहते. नव्या घटकांत काय आहे ते मात्र बघा, कारण ते सहसा कायदा बदलला म्हणून घातलेले असतात.

आणि कायदा बदलूनही कोर्स बदलला नाही तर धोका जास्त. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर १२ टक्के होते ते ५ झाले, तेही इनपुट क्रेडिट न घेता. त्यावरच्या खोलीला १८ टक्के. मग एकाच हॉटेलात दोन्ही प्रकारच्या खोल्या असतील तर सामाईक खर्चावरचे क्रेडिट किती घ्यायचे आणि किती सोडायचे, हा नवा हिशेब आला. २०२४ मध्ये कोर्स पूर्ण केलेल्याच्या डॅशबोर्डवर आजही १०० टक्केच आहेत आणि बॅजही हिरवाच आहे. टीडीएसचे, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकराचे, तसेच: नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून, आणि १९४ सी, १९४ जे अशी पाठ केलेली कलमे जाऊन पगाराखेरीजच्या बहुतेक तरतुदी कलम ३९३ मध्ये एकवटल्या. वहीतला सहावा रकाना, पुन्हा तपासायची तारीख, याचसाठी. कर आणि कायद्याच्या ओळींना सहा महिने, सॉफ्टवेअरला वर्ष. जमाखर्चाच्या मूळ तत्त्वांना तारीख लावायची गरज नाही.

क्विझच्या गुणांकडे पाहताना पहिला प्रयत्न वेगळा टिपा. दहा प्रश्न, चार पर्याय, हव्या तितक्या वेळा द्यायची मुभा असेल तर तिसऱ्या खेपेला दहापैकी दहा मिळतातच, कारण तोवर उत्तरे पाठ झालेली असतात. डोळे झाकून टिका मारल्या तरी सरासरी अडीच गुण मिळतात, हेही लक्षात ठेवा. पहिल्या खेपेचा आकडा खरा. डॅशबोर्ड बहुधा सर्वांत मोठा दाखवतो.

'या नोकरीशी तुम्ही ८० टक्के जुळता' असे सांगणारी साधनेही आली आहेत. आतमध्ये बऱ्याचदा शब्दांची जुळवाजुळव असते: जाहिरातीत दहा कौशल्ये, तुमच्या प्रोफाइलवर आठ, म्हणजे ८० टक्के. पण राहिलेल्या दोघांपैकी एक टॅली असेल तर त्या ८० टक्क्यांवर कोणी फोन करणार नाही. आणि राहिलेली दोन 'टीमवर्क' आणि 'मल्टीटास्किंग' असतील तर निर्धास्त अर्ज करा. कुठली दोन राहिली ते वाचायचे, टक्के वाचायचे नाहीत.

काम केले आणि नोंदच झाली नाही, ही तक्रार गोव्यातल्या सत्तरी-सांगे तालुक्यांकडून पावसाळ्यात हमखास येते. वीज गेली, नेट गेले. त्यामागचे कारण असे: अजून बरेच जुने कोर्स स्कॉर्म नावाच्या साच्यात बांधलेले आहेत. त्यांतले काही तुमची प्रगती मधूनमधून पाठवत नाहीत, खिडकी नीट बंद केल्यावर पाठवतात. टॅब तसाच मारला किंवा लाइन तुटली की त्या बैठकीतले सगळे जाते. अशा कोर्सात 'बाहेर पडा' हे बटण असेल तर तेच वापरा आणि दर धड्यानंतर एकदा बाहेर येऊन पुन्हा आत जा. ॲपवर उतरवून पाहिलेले व्हिडिओ नेट आल्यावर ॲप उघडेपर्यंत मोजले जात नाहीत. मूडलवर कोर्सपूर्तीची नोंद ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कामातून होते, त्यामुळे थोडा उशीर हा दोष नाही. दुसऱ्या दिवशीही दिसले नाही तर मात्र स्क्रीनशॉटसह कळवा.

नोंद न दिसण्याचे आणखी एक साधे कारण: दोन खाती. अर्धे कॉलेजच्या मेलवर, अर्धे स्वतःच्या जीमेलवर. कॉलेज सुटले की कॉलेजचा मेल बंद होतो आणि त्यावरची सर्टिफिकेटे अडकतात. शेवटच्या सत्राआधीच सगळे उतरवून घ्या. नावाचेही तसेच. गोव्यात 'देसाई' इंग्रजीत कुठे एका एसने तर कुठे दोन एसने लिहिलेले असते. नाईक, शेणवी, गावकर यांचीही दोन-दोन रूपे चालतात. आधारवर एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि कोर्सवर तिसरे असेल तर डिजिलॉकरमध्ये किंवा क्रेडिट बँकेत नोंद जोडताना अडते. कोर्सला नाव घालताना आधार समोर ठेवूनच घाला. सर्टिफिकेट निघाल्यावर नाव बदलून घेणे डोकेदुखी असते.

राहिला स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस उघडले तो आकडा. जुलैत सुरू झालेल्या सत्रात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बरोबर मध्ये येते, आणि गोव्यात चवथीला कोणी लॅपटॉप उघडून बसत नाही. घरात गणपती दीड दिवसाचा असो वा अकरा, माटोळी (गणपतीवरची फळापानांची आरास) बांधण्यापासून आठवडा जातोच. स्ट्रीक तुटतो आणि मग मुले कोर्सच सोडतात. हे दर वर्षी होते आणि त्याचे फार वाईट वाटते, कारण तुटलेला फक्त एक आकडा असतो. एनपीटेलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सात १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरल्या जातात, ८ आठवड्यांच्या कोर्सात ८ पैकी ६, ४ आठवड्यांच्या कोर्सात ४ पैकी ३. म्हणजे १२ आठवड्यांच्या कोर्सात चवथीच्या दोन असाइनमेंट बुडाल्या तरी अजून दोनची सवलत हातात राहते. सत्राच्या पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर ते आठवडे कोरे ठेवा आणि स्ट्रीकची सूचना बंद करा.

आठवड्याचे तास

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्याला पाच तास निघतात असे धरू. दोन तास पाहण्याचे, तीन तास करण्याचे. वाळपईहून पणजीला कदंब बसने येता-जाता व्हिडिओ पाहून होतात, त्यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. करण्याच्या तीन तासांना मात्र टेबल, लॅपटॉप आणि बंद फोन लागतो. बारा आठवड्यांत ६० तास होतात. एवढ्यात दोन ते तीन ओळी दोनवरून तीनवर जातात. सहा ओळी घेऊन बसलात तर सहाही दोनवर राहतात.

दर रविवारी वहीत फक्त एक पाहायचे: या आठवड्यात कुठल्या ओळीला नवा पुरावा जोडला? सलग तीन आठवडे काहीच जोडले गेले नसेल आणि प्रोग्रेस बार मात्र वाढत असेल, तर पाहणे चालू आहे, शिकणे थांबले आहे. तिथे कोर्स अर्ध्यावर थांबवून प्रोजेक्टला हात घालावा.

दर तीन महिन्यांनी पुन्हा नव्या दहा जाहिराती वाचा आणि दुसरा रकाना अद्ययावत करा. एखादी मागणी वाढलेली दिसते, एखादी गळते.

नोकरी लागल्यावर वही बंद करू नका, तिचा उपयोग बदलतो. अकाउंट्स असिस्टंटपासून एक्झिक्युटिव्ह आणि पुढे सीनियर होताना ओळींची संख्या फारशी वाढत नाही, पातळी वाढते. असिस्टंट २बी जुळवतो. सीनियर माणूस असिस्टंटने जुळवलेल्यातली चूक पकडतो आणि त्या नऊ बिलांच्या पुरवठादारांना फोन करून विवरण भरून घेतो. बढतीच्या बोलणीत 'मी चार कोर्स केले' यापेक्षा 'गेल्या तिमाहीत न जुळलेली बिले महिन्याला इतक्यावरून इतक्यावर आली' हे तारखांसह दाखवता आले तर साहेबालाही वरच्यांशी बोलायला आधार मिळतो. वर्षानुवर्षे हॉटेलात काम करूनही हातात कागद नसलेल्यांसाठी पूर्वशिक्षणाची मान्यता, म्हणजे आरपीएल, हा मार्ग आहे. तिथेही परीक्षक क्वालिफिकेशन पॅकमधल्या कृतींवरच बोट ठेवून विचारतो, त्यामुळे अशी वही असलेल्याची निम्मी तयारी झालेली असते.

बायोडाटा लिहिताना वहीतल्या तीन आणि चार पातळीच्या ओळीच उचला, क्रियापदासह. सर्टिफिकेटांची नावे खाली एका ओळीत. मुलाखतीला जाताना २बीची ती फाइल पेनड्राइव्हवर आणि चार ढिगांचे एक पान छापून न्या. अकाउंट्सच्या मुलाखतीत लॅपटॉप पुढे सरकवून अर्धा तास देणारे बरेच असतात. समोर येणारी शीट घाण असते: क्रमांकांत मोकळ्या जागा, तारखा मजकुराच्या रूपात, मध्येच दोन ओळी दोनदा. उत्तर निघाले की नाही यापेक्षा तुम्ही सूत्र लावण्याआधी शीट साफ केलीत का, आणि शेवटी बेरीज जुळते का ते पाहिलेत का, यावर त्यांची नजर असते.